भाड्याची खोली : मालकी, ताबा आणि आडनाव

खेड्यात जातीला जागा नेमून दिलेली असते. वेशीच्या कोणत्या अंगाला कोणी राहायचे, हे माणूस जन्माला येण्याआधीच ठरलेले असते. शहरात अशी नेमलेली जागा नाही, म्हणून आपल्या पोरांना शहर मोकळे वाटते. आणि काही अंशी ते मोकळे आहेही. पण शहरात पाऊल ठेवल्यावर पहिली गरज लागते ती खोलीची, आणि खोलीच्या दारात पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव कोणते, घरी देव कोणते, मांसमच्छी खाता का, असे एकेक प्रश्न येत जातात. ज्याला आपण शहरी व्यवहार म्हणतो त्याच्या उंबरठ्यावर खेडे येऊन बसलेले असते.

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातले, रस्त्यावरचे, बाजाराचे गाव. या भागातली मुले-मुली शिकायला आणि कामाला वाशीम, अकोला, अमरावती, नागपूर, पुणे अशी पांगतात. काहींना शासकीय वसतिगृहात जागा मिळते, उरलेली भाड्याच्या खोल्यांत राहतात. सणाला गावी आली की भेटायला येतात, आणि अभ्यासाच्या गोष्टी संपल्या की खोलीच्या गोष्टी निघतात. मालकाने नळ बंद केला, वीज तोडली, अनामत बुडवली, सामान ओट्यावर आणून ठेवले. या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कोर्टाचा हुकूम आणून मालकाने बाहेर काढले, असे सांगणारा मला एकही भेटलेला नाही. सगळे आपणहून निघाले होते. छळ झाला आणि छळाला कंटाळून, किंवा भिऊन, किंवा लाजून ते निघाले.

हा लेख त्या 'आपणहून निघण्या'विषयी आहे. कायदा काय सांगतो हे येथे सांगायचे आहेच. पण कायदा आपल्या बाजूने असताना आपण का निघून जातो, हेही विचारायचे आहे.

मी स्वतः असाच निघालो होतो. माझ्याआधी आमच्या घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. वडील बाजारात हमाली करीत. एम. ए. साठी अमरावतीला गेलो, तेव्हा एका घराच्या मागच्या अंगाची खोली मिळाली. आडनाव असे की त्यावरून चटकन काही कळू नये. दोन महिने बरे गेले. चौदा एप्रिलला मिरवणुकीला जाऊन आलो आणि बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला. दोन दिवसांनी मोरीतला नळ कोरडा पडला. विचारले तर 'पाइप फुटला' म्हणाले. मालकाच्या अंगणातल्या नळाला मात्र पाणी होते. आठवड्याने 'आमचे पाहुणे येणार आहेत, खोली लागते' असा निरोप आला. कोणी शिवी दिली नाही, जातीचे नावही काढले नाही. मी पहाटे चार वाजता, गल्ली जागी होण्याआधी, ट्रंक ऑटोत टाकून निघालो. कोणी पाहू नये, एवढीच काळजी होती. अनामत मागायचे सुचलेही नाही. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लोकायचं घर हाय बापू. त्यायनं निघा म्हनलं तर निघा लागते."

त्या वर्षी माझा विषय राज्यशास्त्र होता. घटनेचे सतरावे कलम मला तोंडपाठ होते. कोणत्या कार्यालयात कोणता कागद द्यायचा हे मात्र ठाऊक नव्हते. शिकलेल्या माणसाची ही अवस्था, तर बांधकामावर मजुरी करणाऱ्या कुटुंबाचे काय, हा विचार मला फार उशिरा सुचला.

बडोद्याची खोली

महाराष्ट्राच्या इतिहासात भाड्याच्या जागेवरून झालेला सर्वांत मोठा अपमान आपल्याला परिचित आहे, पण आपण त्याकडे भाडेकरूच्या नजरेने क्वचित पाहतो. १९१७ साली बाबासाहेब परदेशातले शिक्षण अर्धवट थांबवून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव नोंदवून, रोजचे भाडे ठरवून खोली घेतली. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम देऊन गेला. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याला आसरा विचारला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनीच ही हकीकत लिहून ठेवली आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकून आलेला माणूस, भाडे देण्यास तयार, भाडे दिलेलेही. तरी त्याच्या बाजूने उभा राहील असा एकही कायदा त्या दिवशी बडोद्यात नव्हता. आज परिस्थिती तशी नाही. १९५० पासून अस्पृश्यता घटनेनेच रद्द केली आहे, १९५५ पासून ती पाळणे हा दंडनीय गुन्हा आहे, १९८९ पासून अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि भाडेकरूसाठी वेगळे कायदे आहेत ते निराळेच. तरीही आपली मुले कामाठी बागेतच जाऊन बसतात. बाबासाहेबांना निघावे लागले कारण कायदा नव्हता. आपण निघतो कारण कायदा आपल्या हाताशी नाही. पुस्तकातला कायदा हाताशी आणणे हे आता आपले काम आहे.

मालकी वेगळी, ताबा वेगळा

सगळ्यात आधी माझ्या वडिलांच्या वाक्याचा विचार करू. 'लोकायचं घर हाय' हे खरे आहे. पण त्यापुढचे 'निघा लागते' हे खरे नाही. घराची मालकी एकाची असते आणि ताबा दुसऱ्याचा असू शकतो. आपण भाडे देऊन खोलीत राहू लागलो की ताबा आपला होतो, आणि कायदा ताब्याचे स्वतंत्रपणे रक्षण करतो. मालकाला खोली परत हवी असेल तर त्याने कोर्टात किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जावे, हुकूम मिळवावा, आणि त्या हुकुमाने ताबा घ्यावा. स्वतःच्या हाताने कुलूप लावण्याचा, सामान बाहेर टाकण्याचा, दार काढून नेण्याचा अधिकार त्याला नाही.

हा नियम नवा नाही. १९५४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छगला यांनी असे ठरविले की, भाडेकराराची मुदत संपली तरी भाडेकरूचा ताबा कायद्याने संरक्षित राहतो. १९८९ मध्ये 'कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकटराव' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की, स्थिर ताब्यात असलेल्या माणसाचा तेथे राहण्याचा हक्क संपला आहे असे धरून चालले, तरी मालकाला कायद्याच्या मार्गावाचून त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणजे 'तुझा करार संपला, आता तू कोण?' हा मालकाचा प्रश्न कोर्टात विचारायचा आहे, दारात नव्हे.

समजा, तरीही बाहेर काढले. तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे सहावे कलम आहे. ज्याला त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याच्या मार्गावाचून स्थावराच्या ताब्यातून काढले, तो ताबा परत मागण्यासाठी दिवाणी दावा लावू शकतो. या दाव्यात घर कोणाचे हे पाहत नाहीत. ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला एवढेच पाहतात. मात्र दावा काढून टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ही मुदत प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडपाठ असावी. 'आपल्या संमतीवाचून' हे शब्दही तितकेच महत्त्वाचे. पहाटे चारला ट्रंक उचलून निघालेल्या माणसाने, मालकाच्या दृष्टीने, संमती दिलेली असते.

कोणता कायदा कोठे

आता भाडे नियंत्रण कायद्याकडे येऊ. येथे आपल्या भागातल्या लोकांचा मोठा गोंधळ होतो. पूर्वी महाराष्ट्रात तीन प्रकारचे कायदे होते : पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्याला १९५४ चा हैदराबादचा कायदा, आणि विदर्भाला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश. आपल्याकडच्या त्या आदेशाचे वैशिष्ट्य असे होते की, भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधीच मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'कंट्रोलरकडे जाऊ' असे येते ते त्यामुळे. ही तिन्ही व्यवस्था रद्द होऊन ३१ मार्च २००० पासून राज्याला एकच 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' लागू झाला. आता रेंट कंट्रोलर नाही. मुंबईत लघुवाद न्यायालय, आणि आपल्यासारख्या ठिकाणी त्या हद्दीचे दिवाणी न्यायालय हे दाद मागण्याचे ठिकाण आहे.

परंतु हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वस्तीला लागू नाही. कायद्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांना, आणि जुने कायदे जेथे लागू होते तेथल्या तेव्हापासून भाड्याने असलेल्या जागांना तो लागू होतो. मुख्यतः ही शहरे आहेत. म्हणून खोली कोठे आहे हे आधी पाहावे. जेथे भाडे नियंत्रण कायदा नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संरक्षण कमी आहे, कारण मालकाला कारण सांगावे लागत नाही. पण नोटिशीनंतरही ताबा घ्यायला त्याला कोर्टातच जावे लागते. ताब्याविषयी वर सांगितलेला नियम शहराला आणि खेड्याला सारखाच आहे.

छळाचे प्रकार आणि उपाय

मालकाला भाडेकरू नकोसा झाला की तो एकदम कुलूप लावीत नाही. आधी तो जगणे अवघड करतो. हे प्रकार ठरलेले आहेत, आणि १९९९ च्या कायद्यात त्यांवर बहुतेक ठिकाणी उत्तरेही आहेत.

पाणी आणि वीज तोडणे हा पहिला प्रकार. कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे योग्य कारणावाचून मालकाला अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याकरवीही नाही. यात पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई हे सगळे येते. भाडेकरूने कोर्टात अर्ज केल्यास कोर्ट पुरवठा पूर्ववत करण्याचा हुकूम देऊ शकते, आणि असे तोडणे हा शिक्षापात्र गुन्हाही आहे. विजेबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वीज ही मूलभूत गरज आहे, आणि मालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला जोडणी नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच वीज कंपनीने पाहायचे. म्हणजे 'मालकाचे पत्र आणा' हे खिडकीवरचे उत्तर अखेरचे नाही.

दुसरा प्रकार पावती न देण्याचा. भाडे घेऊन पावती द्यायची नाही, आणि पुढे 'सहा महिन्यांचे भाडे थकले' म्हणायचे. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि न दिल्यास दंड आहे. पण आपण दंडाची वाट पाहू नये. भाडे शक्यतो बँकेतून किंवा मोबाइलवरून मालकाच्या खात्यात भरावे, आणि त्यात महिना लिहावा. रोख द्यावेच लागले तर वहीत सही घ्यावी. मालक भाडे घेतच नसेल तर आपण द्यायला तयार आहोत हे नोंदणीकृत टपालाने कळवावे. जो भाडेकरू कायदेशीर भाडे देतो किंवा द्यायला तयार आहे, त्याला केवळ भाड्याच्या कारणावरून काढता येत नाही, असे १५ वे कलम सांगते. थकबाकी खरोखर असली तरी आधी लेखी मागणी, मग नव्वद दिवसांची वाट, मगच दावा. आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याज व खर्चासह पैसे भरण्याची आणखी एक संधी मिळते.

तिसरा प्रकार डागडुजी टाळण्याचा. छत गळते, संडास तुंबतो, मालक लक्ष देत नाही. कराराने दुसरे काही ठरलेले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केले नाही तर भाडेकरू, किंवा सगळे भाडेकरू मिळून, दुरुस्ती करून घेऊ शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा ही रक्कम जास्त नसावी.

चौथा प्रकार वेळी-अवेळी खोलीत शिरण्याचा. एकट्या राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत हा छळ सर्वांत वाईट. मालकाला जागा पाहण्याचा अधिकार आहे. पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. रात्री अकराला दार ठोठावणे हा अधिकार नव्हे. धमकी देणे, वाट अडविणे, घरात बळजबरीने शिरणे हे भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हे आहेत, आणि करणारा घराचा मालक आहे म्हणून ते गुन्हे व्हायचे थांबत नाहीत.

अकरा महिन्यांचा कागद

वरचे हक्क वाचून कोणाला वाटेल की भाडेकरू फार सुरक्षित आहे. तसे नाही. आज शहरात खोली मिळते ती बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'च्या, अकरा महिन्यांच्या कागदावर. या कागदाने आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू होत नाही, परवानाधारक होतो. भाडे नियंत्रणाचे बरेचसे संरक्षण येथे गळून पडते. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट आकार द्यावा लागू शकतो. शिवाय त्या कागदात जे लिहिले तेच निर्णायक पुरावा मानले जाते. म्हणून सही करण्याआधी वाचावे. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. अनामत किती, ती किती दिवसांत परत, मुदतीआधी सोडायचे तर किती नोटीस, वीजबिल कोणाचे, हे त्यात लिहिले आहे का ते पाहावे.

मात्र याच कायद्याच्या ५५ व्या कलमात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. भाडेकरार असो वा लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी काय होत्या याबाबत, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला कैद किंवा दंड होऊ शकतो. कर चुकवायला किंवा कटकट टाळायला तोंडी व्यवहार करणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो. तोंडी व्यवहारात राहणाऱ्याने 'माझ्याकडे कागद नाही' म्हणून घाबरू नये. वीजबिल, गॅसची नोंद, महाविद्यालयात दिलेला पत्ता, बँकेतून भरलेले भाडे, शेजाऱ्यांची साक्ष, हे सगळे ताब्याचे पुरावे आहेत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये एक आदर्श भाडे कायदा राज्यांपुढे ठेवला. राहण्याच्या जागेसाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेऊ नये असे त्यात सुचविले आहे. पण तो राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही, म्हणून मालकाशी बोलताना त्याचा आधार घेऊ नये.

जात मध्ये येते तेव्हा

आतापर्यंत जे सांगितले ते कोणत्याही जातीच्या भाडेकरूला लागू आहे. पण आपला भाडेकरू केवळ भाडेकरू नसतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली मोठी दुरुस्ती झाली. त्याच्या तिसऱ्या कलमात आज अशा तरतुदी आहेत : अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला तिच्या जागेतून बेकायदा काढणे, किंवा जागा व पाणी यांवरच्या तिच्या हक्कांच्या उपभोगात अडथळा आणणे, तिला घर, गाव किंवा राहण्याचे ठिकाण सोडायला भाग पाडणे, आणि लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून शिवीगाळ वा अपमान करणे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, एवढी अट. बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे, म्हणून 'तुम्ही तर धर्म बदलला' हे उत्तर येथे चालत नाही. अशा तक्रारीवर गुन्हा नोंदविण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे संसदेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

परंतु येथे कार्यकर्त्यांनी सावधही असले पाहिजे. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढ्याने मालमत्तेचा प्रत्येक वाद या कायद्याखाली येत नाही; अपमान जातीमुळे झालेला असला पाहिजे, आणि चार भिंतींच्या आतले बोलणे म्हणजे लोकांसमोरचे बोलणे नव्हे. म्हणून थकलेल्या भाड्याच्या साध्या भांडणाला हे कलम लावण्याचा आग्रह धरू नये. त्याने खऱ्या तक्रारीचीही किंमत जाते. जात जेथे आहे तेथे ती दाखवून द्यावी : फोटो लावल्यानंतर कोणत्या तारखेला नळ बंद झाला, जात कळण्याआधी वागणूक कशी होती, कोण काय बोलले, ऐकायला कोण होते. हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. माझ्या प्रकरणात जातीचे नाव कोणी काढले नव्हते. पण तारखा बोलत होत्या. मी त्या लिहून ठेवल्या नाहीत.

दाराबाहेरचा माणूस

आत असलेल्याचे रक्षण कायदा बऱ्यापैकी करतो. दारातूनच ज्याला परत पाठविले त्याचे काय? सर्वसाधारण समज असा की, घर कोणाला द्यायचे ही मालकाची मर्जी. ही मर्जी अमर्याद नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचे १९७६ पासून 'नागरी हक्क संरक्षण कायदा' असे नाव आहे. त्याच्या चौथ्या कलमाच्या यादीत, कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधणे, मिळविणे किंवा तिच्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. मंदिर, पाणवठा, हॉटेल यांच्या जोडीला घरही तेथे आहे, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. शिवाय बाराव्या कलमाप्रमाणे, असे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे कोर्ट गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे.

अडचण पुराव्याची आहे. मालक 'तू अस्पृश्य आहेस' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'खोली कालच दिली.' आपल्या विदर्भातलेच अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत एक पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सारख्याच ऐपतीची माणसे, सवर्ण, दलित आणि मुसलमान अशा वेगवेगळ्या नावांनी त्याच घरांची चौकशी करीत होती. नाव बदलले की उत्तर बदलत होते. दलितांना नकार किंवा जादा अटी, मुसलमानांना त्याहून जास्त नकार. ही पद्धत शिकण्यासारखी आहे. 'खोली कालच दिली' असे उत्तर मिळाले तर तासाभराने दुसऱ्या आडनावाच्या मित्राने तेथेच विचारावे. त्याला खोली दाखविली गेली तर आपल्याजवळ साक्षीदार आहे. आपल्या महाविद्यालयांत सवर्ण मित्रही असतात. मैत्रीची परीक्षा घोषणांपेक्षा अशा तासाभरात चांगली होते.

आपले काम

गेल्या परीक्षेच्या हंगामात रात्री आठला एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती अकोल्यात खोली घेऊन राहत होती. "सर, मालकानं कुलूप लावलं खोलीले. पुस्तकं आतच हायेत. मी घरी येऊन जाऊ का?" तिचा प्रश्न कुलपाचा नव्हताच, परवानगीचा होता. पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या पहाटे निघालो ती पहाट माझ्या डोळ्यांपुढे आली. मी तिला म्हणालो, येऊ नकोस.

त्या रात्री जे केले ते असे. तिने कुलपाचा फोटो काढला. ११२ वर फोन केला, म्हणजे वेळेची नोंद झाली. दोन मैत्रिणींना घेऊन ठाण्यात लेखी तक्रार दिली आणि तिच्या प्रतीवर पोच घेतली. ठाण्यातून 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' असे उत्तर मिळाले. बहुतेकांची लढाई येथेच संपते. पण कुलूप लावून मुलीला रस्त्यावर काढणे ही केवळ दिवाणी बाब नव्हे, हे तिने शांतपणे सांगितले, आणि तक्रार घेणार नसाल तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवीन असेही सांगितले; तसा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. सकाळी ती विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेली. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या ठिकाणीही अशी समिती असते, आणि १५१०० हा फोन आहे. वकिलाने मालकाला नोटीस पाठविण्याची तयारी केली तोवर कुलूप निघाले होते. मालकाला कोर्ट नको होते. ती निघून जाईल एवढ्या भरवशावर त्याने कुलूप लावले होते.

हा फार मोठा विजय नव्हे. ती त्या खोलीत पुढचे दीड महिना अबोल्यातच राहिली. सगळी प्रकरणे अशी मिटतही नाहीत. कोर्टात तारखा पडतात, मजूर कुटुंबाला रोज बुडवून हजर राहणे परवडत नाही, आणि कित्येकदा खोली सोडणेच शहाणपणाचे ठरते. सोडायची तर सोडावी. पण अनामत मोजून घेऊन, कागदावर सही घेऊन, दिवसाउजेडी सोडावी.

आपल्या संस्थांनी यात करण्यासारखे पुष्कळ आहे. जयंतीच्या मंडपात एक टेबल भाडेकरूंसाठी ठेवता येईल. महाविद्यालयातल्या शिक्षकाने प्रवेशाच्या दिवसांत एक तास या विषयाला दिला तर अभ्यासक्रम बुडत नाही. शहरात आधी गेलेल्या मुलांनी नंतर येणाऱ्यांसाठी खोल्यांची, मालकांच्या वागणुकीची आणि ओळखीच्या वकिलांची यादी ठेवावी. एकाच वाड्यातल्या भाडेकरूंनी जात न विचारता एकत्र नोटीस द्यावी. कायदाच तशी मुभा देतो. आणि घरी आई-वडिलांशी बोलावे, कारण 'निघा लागते' हा धडा तेथेच शिकविला जातो. तो त्यांच्या अनुभवाचा धडा आहे. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना वेशीबाहेरून दुसरे काही दिसलेच नव्हते.

ती मुलगी परीक्षा देऊन गावी आली. वडील तिला घ्यायला शेलूबाजारच्या स्टँडवर आले होते, मीही होतो. तिच्या हातात पुस्तकांची पिशवी होती आणि पिशवीत, वहीच्या पानात जपून ठेवलेली, ठाण्याची पोच. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हा कागद कायचा?" ती म्हणाली, "खोलीचा."